एकट्याचा व्यवसाय (भाग ५) : नाव दुकानाचं, सही तुमची

तीन वर्षांपूर्वीची, दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या शेजारच्या वहिनी हातात एक चेक घेऊन आल्या. भाजणी, मेतकूट आणि कांदा-लसूण चटणी त्या घरूनच करून विकतात. त्यांच्या उद्योगाचं खरं नाव इथे देत नाही. आपण त्याला ‘गौरी गृहउद्योग’ म्हणू. एका मोठ्या गृहसंकुलाने फराळाची ऑर्डर दिली होती. तिचे ३८,४०० रुपये ‘गौरी गृहउद्योग’ या नावाने, अकाउंट पेयी चेकने आले. वहिनींचं बँकेत खातं होतं, पण ते त्यांच्या स्वतःच्या नावाचं आणि बचतीचं. बँकेने चेक घेतला नाही.

“भाऊजी, गौरी गृहउद्योग म्हणजे मीच ना? मग माझेच पैसे मला का मिळत नाहीत?”

आजचा भाग या प्रश्नाचं उत्तर म्हणून वाचावा. गेल्या आठवड्यात आपण एकल मालकी, भागीदारी आणि कंपनी यांतला फरक पाहिला. भागीदारीला १९३२ चा कायदा आहे, कंपनीला २०१३ चा. एकल मालकीसाठी असा स्वतंत्र कायदाच नाही. कायद्याच्या नजरेत दुकान आणि दुकानदार एकच. पॅन तुमचा, आयकर विवरण तुमचं, आणि कर्ज फिटलं नाही तर जबाबदारीही तुमचीच, अगदी घरादारासकट. कुणी पैसे बुडवले तर दावासुद्धा तुमच्या नावाने लावावा लागतो. ‘गौरी गृहउद्योग’ वादी म्हणून कोर्टात उभा राहू शकत नाही.

म्हणजे वहिनींचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. पण बँकेला ते कागदावर दिसत नव्हतं. ‘गौरी गृहउद्योग म्हणजे मीच’ हे सांगणारा एकही कागद त्यांच्याकडे नव्हता. एकल मालकाला घर आणि धंदा यांच्यात रेघ ओढून देणाऱ्या गोष्टी दोनच : व्यवसायाचं नाव आणि त्या नावाचं खातं. म्हणून या दोन्हींकडे पहिल्या दिवसापासून लक्ष द्यायला हवं.

नाव निवडताना

आपल्याकडे आडनावाने दुकान चालवण्याची जुनी रीत आहे. गिऱ्हाइकाला माणूस माहीत असतो, म्हणून आडनावावर विश्वास बसतो. पण त्याच आडनावाची चार दुकानं एका पेठेत असली की घोटाळा सुरू होतो. देवादिकांच्या नावांचंही तसंच. साई, गणेश, अंबिका, समर्थ ही नावं प्रत्येक गल्लीत सापडतील. ती ठेवायला हरकत नाही, पण उद्या ‘हे नाव माझंच’ असं सांगायची वेळ आली तर हाताशी फारसं काही राहत नाही.

मराठी माणसाने याहून वेगळ्या वाटाही काढल्या आहेत. दांडेकरांनी ‘कॅमल’ आणि ‘इंक’ जोडून ‘कॅम्लिन’ केलं. ‘विको’ ही ‘विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी’ची आद्याक्षरं. दोन्ही नावं लहान, बोलायला सोपी आणि दुसऱ्या कुणाचीही नाहीत. नाव निवडताना हेच तीन निकष लावा.

नाव सुचलं की लगेच बोर्ड रंगवायला टाकू नका. आधी सरकारच्या ट्रेडमार्क संकेतस्थळावर शोध घ्या. तो फुकट आहे. ट्रेडमार्कसाठी माल आणि सेवांचे ४५ वर्ग केलेले आहेत. मसाल्याचा वर्ग वेगळा, कपड्यांचा वेगळा. तुमच्या वर्गात तेच किंवा कानाला तसंच वाटणारं नाव आधीच नोंदलेलं असेल, तर ते सोडून द्या. पाच वर्षं घाम गाळून नाव मोठं करायचं आणि मग वकिलाची नोटीस येऊन ते उतरवायचं, याइतकं नुकसान दुसरं नाही. नाव मोकळं असेल तर एकल मालकाला ऑनलाइन अर्जासाठी एका वर्गाचं सरकारी शुल्क ४,५०० रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षं टिकते. नोंदणी मिळेपर्यंत नावापुढे ‘टीएम’ लिहिता येतं. वर्तुळातलं ‘आर’ मात्र नोंदणी झाल्यावरच लावायचं. आधी लावणं गुन्हा आहे.

काही शब्द आपल्याला वापरता येत नाहीत. ‘लिमिटेड’ किंवा ‘प्रायव्हेट लिमिटेड’ हे कंपनीचं लेणं आहे. ‘बँक’ हा शब्द बँकेचाच. सरकारी वाटणारी नावं आणि राष्ट्रचिन्हं यांवर १९५० च्या कायद्याने बंधन आहे. आणि महाराष्ट्रात दुकान असेल तर २०२२ च्या दुरुस्तीनुसार नामफलक देवनागरीत, मराठीत हवा. इतर भाषेतली अक्षरं मराठी अक्षरांपेक्षा मोठी चालत नाहीत. दुकान कितीही लहान असलं तरी हा नियम लागू आहे.

एकच नाव, त्याच अक्षरांत

वहिनींकडे परत येतो. आम्ही कागद करायला बसलो आणि खरी अडचण तिथे निघाली. ‘गौरी गृहउद्योग’ हे मराठीत एकच नाव आहे. इंग्रजीत मात्र चेकवर ‘गौरी’तला ‘औ’ ए-यू असा छापला होता. सायबर कॅफेतल्या मुलाने शॉप अॅक्टच्या अर्जात तो ओ-यू असा भरला. उद्यम नोंदणीत ‘गृह’साठी कुणी आर-आय घातलं होतं, चेकवर आर-यू होतं. एका कागदावर ‘गृहउद्योग’ हा एक शब्द, दुसऱ्यावर दोन. आपल्या डोळ्यांना हे सगळं एकच दिसतं, पण बँकेचा संगणक अक्षरं मोजतो. तीन कागदांवर तीन उद्योग उभे राहिले होते.

दुरुस्त्या करता करता चेकची तीन महिन्यांची मुदत संपत आली. शेवटी त्या संकुलाच्या सचिवांना विनंती करून नवा चेक घ्यावा लागला. पैसे मिळाले, पण फेब्रुवारी उजाडला. दिवाळीसाठी उधारीवर घेतलेली डाळ आणि तूप यांची बाकी तोपर्यंत थकली होती.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे. नाव ठरल्यावर एका कागदावर ते मराठीत लिहा आणि त्याखाली इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत, शब्दांमधल्या मोकळ्या जागेसह लिहा. तो कागद पाकिटात ठेवा. अर्ज तुम्ही भरा किंवा दुसऱ्याकडून भरून घ्या, ‘सबमिट’ करण्याआधी स्क्रीनवरचं नाव त्या कागदाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा.

कागद कोणते, आणि कोणत्या क्रमाने

बचत खात्यात धंद्याचे पैसे घ्यायला काय हरकत आहे, असं पुष्कळ जण विचारतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार व्यापारी किंवा व्यावसायिक संस्थेच्या नावाने बचत खातं उघडता येत नाही, ती संस्था एकट्याच्या मालकीची असली तरी. तिच्यासाठी चालू खातं, म्हणजे करंट अकाउंट, हाच मार्ग. त्यावर व्याज मिळत नाही आणि किमान शिल्लक सहसा जास्त ठेवावी लागते. ही किमान शिल्लक बँकेबँकेत बदलते, म्हणून दोन-तीन शाखांत विचारल्याशिवाय फॉर्म भरू नका.

खातं उघडायला मालकाची केवायसी तर लागतेच. शिवाय व्यवसायाच्या नावाचे कोणतेही दोन पुरावे लागतात : उद्यम प्रमाणपत्र, शॉप अॅक्टचा कागद, जीएसटी प्रमाणपत्र, आयात-निर्यात कोड, व्यवसायाचं उत्पन्न दाखवलेलं आयकर विवरण, व्यवसायाच्या नावाचं वीज किंवा पाण्याचं बिल, यांपैकी. दोन पुरावे मिळणं खरंच शक्य नसेल तर बँक जागेवर येऊन खात्री करून एका पुराव्यावरही खातं देऊ शकते. तसा नियमच आहे. तो नम्रपणे दाखवून द्यायला संकोच नको.

नव्या माणसाने आधी शॉप अॅक्ट करावा. मुंबईत यालाच गुमास्ता म्हणतात. २०१७ च्या राज्य कायद्यानुसार कामगार कमी असलेल्या छोट्या आस्थापनेला नोंदणी करावी लागत नाही; ऑनलाइन सूचना दिली की पोचपावती मिळते. मग उद्यम नोंदणी. १ जुलै २०२० पासून ती आधारवर होते आणि पूर्णपणे मोफत आहे. उद्यमसाठी पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नाहीत. हे दोन कागद हातात आले की बँकेत जा. जीएसटी सगळ्यांनाच लागत नाही : महाराष्ट्रात साधारणपणे मालाच्या विक्रीला वर्षाला ४० लाख आणि सेवांना २० लाखांच्या उलाढालीपर्यंत सूट आहे. खाण्याचे पदार्थ विकणाऱ्यांना अन्नसुरक्षेची नोंदणी मात्र हवीच.

खातं झालं की शिक्का करा. त्यावर ‘करिता’, खाली व्यवसायाचं नाव आणि सहीच्या जागेखाली ‘प्रोप्रायटर’. हा साधा शिक्का रोज सांगत राहतो की नाव दुकानाचं असलं तरी सही तुमची आहे. मग क्यूआर कोड या खात्याचा घ्या आणि जुना, बचत खात्याचा कोड गल्ल्यावरून काढून टाका. आता पैसे पाठवणाऱ्याला समोरच्या खात्याचं बँकेतलं नाव दिसतं. बोर्डावर एक आणि मोबाइलवर भलतंच नाव दिसलं की नवं गिऱ्हाईक बिचकतं.

खातं वेगळं ठेवणं म्हणजे काय

वहिनींच्या जुन्या पासबुकात भाजणीचे १,२०० रुपये, दिरांनी परत केलेले उसने ५,००० आणि भिशीचे १०,००० एकाखाली एक होते. वर्ष संपल्यावर यातली विक्री कोणती, हे त्यांनाच आठवेना. मुद्रा कर्जासाठी गेल्यावर बँक तुमचं स्टेटमेंट मागते, आणि त्यात धंदा दिसला तरच कर्ज पुढे सरकतं. आयकराची विचारणा आली तरी उत्तर त्याच कागदातून द्यायचं असतं.

म्हणून विक्रीचा प्रत्येक रुपया चालू खात्यात, आणि मालाचा प्रत्येक रुपया तिथूनच बाहेर. घरखर्चासाठी महिन्याच्या ठरावीक तारखेला ठरावीक रक्कम बचत खात्यात वळवा. हिला उचल म्हणतात. एकल मालकाला स्वतःला पगार देऊन तो खर्चात दाखवता येत नाही, हे लक्षात असू द्या.

खातं वेगळं झालं तरी माणूस एकच राहतो. ठेव विम्याचं पाच लाखांचं संरक्षण एका बँकेतलं तुमचं बचत खातं आणि तुमच्या दुकानाचं खातं मिळून एकदाच मिळतं. सहकारी बँकेत दोन्ही खाती ठेवणाऱ्यांनी याचा विचार करावा. आणि दुसरी गोष्ट, जिच्याबद्दल बोलायला आपण कचरतो : मालक गेला की त्याच्या एकल व्यवसायाचं खातं थांबतं, कारण सही करणारा दुसरा कुणीच नसतो. एकल मालकीच्या खात्याला नॉमिनी नेमता येतो आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नेमता येतात. चालू खात्याच्या फॉर्ममधली ही चौकट रिकामी राहिलेली मी अनेकदा पाहिली आहे. तुमची रिकामी ठेवू नका. आधीच खातं असेल तर या आठवड्यात शाखेत जाऊन नॉमिनेशन नोंदलंय का ते विचारा आणि त्याची पोच घ्या.

पुढच्या आठवड्यात : पहिलं बिल बुक.