बत्तिसावं दार

पुण्या-मुंबईतल्या एखाद्या सोसायटीत फायबरचं नवं कनेक्शन घेतलंत, तर केबलवाला आधी तुमच्या घरात शिरत नाही. तो जिन्यात थांबतो. डक्टच्या कोपऱ्यात किंवा मीटरच्या वरच्या बाजूला एक डबी असते, तिचं झाकण उघडतो. आत बारीक वायरींची वेटोळी, टोकांना हिरवे कनेक्टर. काही टोकं जोडलेली, काही रिकामी. रिकाम्या टोकांवर धूळ बसू नये म्हणून चिमुकल्या टोप्या. तो एक टोपी काढतो, तिथे पॉवर मीटर लावतो, आकडा बघतो आणि म्हणतो, “लाइट आहे.”

हे “लाइट आहे” ऐकलं की मी दरवेळी थक्क होतो. कारण त्या डबीला विजेची वायरच नसते. आत ना मोटर, ना चिप, ना हलणारा एखादा भाग. कित्येक किलोमीटरवरच्या एक्स्चेंजमधल्या लेझरपासून निघालेला, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश काचेतून धावत तिथवर आलेला असतो. काचेचा तो तंतू केसापेक्षा थोडा जाड, आणि त्याच्या ज्या गाभ्यातून प्रकाश धावतो तो केसाच्या आठव्या-दहाव्या हिश्शाएवढा. वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर. डबीतल्या स्प्लिटरमध्ये शिरताना हा प्रकाश एक असतो. काचेतच घडवलेल्या फांद्यांमधून बाहेर पडतो तेव्हा त्याचे आठ, सोळा किंवा बत्तीस वाटे झालेले असतात. एकेका वाट्याला मिलिवॅटच्या शंभराव्या भागाच्या आसपास प्रकाश येतो. तेवढ्यात मुलांची शाळा मावते, आजीचा डॉक्टर मावतो, परदेशातल्या लेकीचा चेहरा मावतो.

स्प्लिटर माहितीची वाटणी करत नाही, फक्त प्रकाशाची करतो. बत्तीस घरांची पत्रं बत्तिसांच्याही दारात पोचतात. घरातल्या यंत्राजवळ फक्त आपल्या पत्राची किल्ली असते, तेवढं ते उघडतं आणि बाकीची सोडून देतं. उलट दिशेने बोलायचं तर सगळ्यांनी एकदम बोलून चालत नाही. म्हणून एक्स्चेंज प्रत्येक घराचं अंतर प्रकाशाच्या फेरीवरून मोजतं आणि कुणी कोणत्या क्षणी बोलायचं ते ठरवून देतं. जवळचं घर जरा थांबतं, लांबचं घर जरा आधी निघतं, आणि सगळ्यांचे शब्द लेझीमच्या ठोक्यासारखे आपापल्या जागी पडतात.

पण मला सगळ्यात विलक्षण वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. कोण गिऱ्हाईक आहे आणि कोण नाही, हे स्प्लिटरला कळतच नाही. तो सगळ्यांना सारखं वाटतो. टोपी घातलेल्या रिकाम्या टोकापर्यंतही तेवढाच प्रकाश येतो आणि तिथेच संपतो.

ती टोपी काढायला किती पैसे पडावेत? या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेतल्या न्यू यॉर्क राज्याने कायद्यात लिहून टाकलं आहे.

तिथल्या जनरल बिझनेस लॉमध्ये ३९९ या आकड्यापुढे इतकी कलमं जोडली गेली की या कलमाच्या वाट्याला ओळीने पाच झेड आले. ‘अफोर्डेबल ब्रॉडबँड ॲक्ट’ म्हणून ते ओळखलं जातं. राज्यात घरगुती इंटरनेट विकणाऱ्या कंपनीने कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला महिना १५ डॉलरमध्ये २५ एमबीपीएसची जोडणी देऊ केलीच पाहिजे, असं ते सांगतं. कंपनीला ही जोडणी द्यायची नसेल, तर तिने २० डॉलरमध्ये २०० एमबीपीएसचा पर्याय ठेवायचा. या १५ किंवा २० डॉलरमध्ये सगळं आलं पाहिजे: कर, शुल्क, यंत्राचं भाडं. जाहिरातीत एक आकडा आणि बिलात भलताच, असं चालणार नाही. २०२५ मध्ये न्यू यॉर्कच्या सबवेचं एक तिकीट २.९० डॉलरला होतं. म्हणजे महिन्याभराचं इंटरनेट जेमतेम पाच फेऱ्यांच्या भाड्यात.

पात्र कोण, हे ठरवायला नवं खातं उघडलं नाही, नवा दाखला काढला नाही. घरातलं मूल शाळेत मोफत किंवा सवलतीच्या जेवणाला पात्र असेल, कुटुंब ‘स्नॅप’ या अन्नसाहाय्याला किंवा ‘मेडिकेड’ या आरोग्य योजनेला पात्र असेल, वृद्ध किंवा अपंग भाडेकरूला भाडेवाढीतून सूट असेल, वीज-गॅसच्या बिलात गरिबांसाठीची सवलत मिळत असेल, तर यातली एक गोष्ट पुरे. कायदा झाला तेव्हा राज्य सरकारने अशा कुटुंबांचा अंदाज दिला होता: सुमारे २७ लाख कुटुंबं, ७० लाख माणसं.

हे सगळं न्यू यॉर्कमध्ये घडावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. मॅनहॅटनमध्ये ६०, हडसन स्ट्रीट या पत्त्यावर विटांची एक भव्य इमारत आहे. वेस्टर्न युनियन या तार कंपनीसाठी ती १९३० मध्ये पुरी झाली. आज तिथे शेकडो नेटवर्कच्या वायरी एकमेकींना भेटतात. जगात वायरींची इतकी दाटी असलेल्या जागा थोड्याच. पण २०२० च्या मार्चमध्ये कोरोनाच्या साथीत शाळा बंद झाल्या, तेव्हा याच शहरातल्या कितीतरी मुलांच्या घरात इंटरनेट नव्हतं. शहराने सिम घातलेले तीन लाखांच्या आसपास आयपॅड मुलांना वापरायला दिले. पण बेघर कुटुंबांच्या काही निवाऱ्यांमध्ये मोबाइलचा सिग्नलच धड पोचत नव्हता. हातात यंत्र होतं, समोर वर्ग भरलेला होता, आणि पडद्यावर चक्र फिरत राहायचं. महासागर ओलांडून आलेला प्रकाश शेवटच्या दाराशी अडला होता.

गव्हर्नर अँड्र्यू क्युओमो यांनी १६ एप्रिल २०२१ रोजी या कायद्यावर सही केली ती या पार्श्वभूमीवर.

इंटरनेट इतकं स्वस्त देणं परवडतं कसं? याचं बरंचसं उत्तर त्या डबीतच आहे. रस्ता खणणं, परवानग्या काढणं, खांबांवरून किंवा जमिनीखालून वायर नेणं, इमारतीत चढवणं, यातच पैशांचा मोठा हिस्सा जातो, आणि तो पहिलं गिऱ्हाईक मिळण्याच्या आधीच जातो. वायर दारावरून गेली की पुढचं एकेक घर जोडण्याचा खर्च त्या मानाने लहान. फायबरच्या नेहमीच्या पद्धतीत एका तंतूतून सेकंदाला सुमारे २.५ अब्ज बिट उतरतात. बत्तिसांत वाटले तरी एका घराला ७८ एमबीपीएसच्या आसपास मिळतात, आणि तेही बत्तीसच्या बत्तीस घरांनी एकाच क्षणी नळ पूर्ण सोडला तर. कायद्याने मागितलेले २५ एमबीपीएस म्हणजे त्या तंतूच्या ताकदीचा शंभरावा हिस्सा. न्यू यॉर्कमधली सगळी घरं फायबरवर नाहीत. पुष्कळ घरांत टीव्हीच्या जुन्या तांब्याच्या केबलमधून इंटरनेट येतं, तिथे गणिताचे आकडे बदलतात. पण आधी घातलेल्या वायरीवर आणखी एक घर जोडणं नवी वायर टाकण्यापेक्षा स्वस्त, हे दोन्हीकडे खरं.

कंपन्यांची बाजूही नीट ऐकायला हवी. आपल्याकडे ‘गाव तिथे एसटी’ म्हणत धावणाऱ्या गाडीत विद्यार्थ्याला, ज्येष्ठाला सवलत मिळते, तेव्हा त्या सवलतीची रक्कम राज्य सरकार महामंडळाला भरून देतं. न्यू यॉर्कच्या कायद्यात अशी भरपाई नाही. सवलतीचा भार कंपनीनेच सोसायचा. मोठीला तो पेलेल, पण डोंगराळ भागातल्या दोन-चार गावांना सेवा देणाऱ्या छोट्या कंपनीचं काय? म्हणून २० हजारांहून कमी घरांना सेवा देणाऱ्यांना राज्याचं पब्लिक सर्व्हिस कमिशन सूट देऊ शकतं, अशी सोय ठेवली आहे. तरीही कंपन्यांच्या संघटना कोर्टात गेल्या. कायदा १५ जून २०२१ पासून लागू व्हायचा होता. ११ जूनला न्यायाधीश डेनिस हर्ली यांनी त्याला स्थगिती दिली.

पुढे जे घडलं, ते एखाद्या कोड्याची उकल व्हावी तसं आहे. अमेरिकेच्या १९३४ च्या दळणवळण कायद्यात सेवांचे दोन मुख्य कप्पे धरले जातात. टेलिफोनसारख्या सेवा एका कप्प्यात. तिथे केंद्राच्या एफसीसी या आयोगाचे हात लांब, अगदी दरांपर्यंत पोचणारे. दुसऱ्या कप्प्यातल्या ‘माहिती सेवां’वर त्याची पकड सैल. घरगुती इंटरनेट कोणत्या कप्प्यात ठेवायचं, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. २०१५ मध्ये ते पहिल्या कप्प्यात गेलं. १४ डिसेंबर २०१७ रोजी अजित पै अध्यक्ष असताना आयोगाने ते पुन्हा दुसऱ्या कप्प्यात टाकलं. मोठ्या कंपन्यांना हेच हवं होतं: केंद्राचा हात आखडावा.

आता न्यू यॉर्कविरुद्ध त्याच कंपन्यांचं म्हणणं होतं की दर ठरवणं राज्याचं काम नाही, केंद्राने हा विषय मोकळा ठेवला आहे. २६ एप्रिल २०२४ रोजी सेकंड सर्किटच्या अपील कोर्टाने दोन विरुद्ध एक असा निकाल दिला. बहुमताचा निकाल न्यायाधीश ॲलिसन नेथन यांनी लिहिला. त्यातला युक्तिवाद मराठीत सांगायचा तर असा: ज्या शेतावरचा हक्क तुम्ही स्वतःहून सोडला, त्या शेतात दुसऱ्याला पाऊल टाकू नको म्हणण्याचा अधिकारही त्याबरोबरच गेला. आयोगाने हा अधिकार आपल्याकडे नाही असं ठरवल्यावर तो वापरून राज्याला अडवणार कसं? न्यायाधीश रिचर्ड सलिव्हन यांनी भिन्नमत नोंदवलं. पण दार उघडलं होतं, आणि त्याची कडी कंपन्यांनी ज्यासाठी जोर लावला त्याच निर्णयाने काढली होती.

या निकालाच्या आदल्याच दिवशी आयोगाने मत घेऊन इंटरनेट परत पहिल्या कप्प्यात ठेवलं होतं. ते टिकलं असतं तर कोडं पुन्हा गुंतलं असतं. पण २ जानेवारी २०२५ रोजी दुसऱ्या एका अपील कोर्टाने आयोगाचा तो निर्णय रद्द केला. त्याआधी, १६ डिसेंबर २०२४ रोजी, सुप्रीम कोर्टाने कंपन्यांचा अर्ज ऐकायला नकार दिला होता. अखेर १५ जानेवारी २०२५ पासून कायदा लागू झाला. त्याच सुमारास एटी अँड टीने आपली घरगुती फाइव्ह-जी इंटरनेट सेवा न्यू यॉर्कमधून काढून घेतली. हेही या गोष्टीतलं सत्य आहे, आणि अशा कायद्याचं मोल मोजताना ते तराजूत टाकलंच पाहिजे.

दुसऱ्या पारड्यात काय आहे? साथीच्या काळात केंद्र सरकारने गरीब कुटुंबांच्या इंटरनेट बिलाला हातभार लावणारी योजना आणली. पुढे तिचा ‘अफोर्डेबल कनेक्टिव्हिटी प्रोग्रॅम’ झाला. बहुतेक कुटुंबांना महिना ३० डॉलरपर्यंत मदत, आणि लाभ घेणारी कुटुंबं सुमारे २.३ कोटी. मग तिजोरीतला पैसा संपला, संसदेने नवा दिला नाही, आणि १ जून २०२४ रोजी योजना बंद पडली. अनुदानाचं आयुष्य पुढच्या अर्थसंकल्पापर्यंत. न्यू यॉर्कच्या कायद्याला तिजोरी लागत नाही. सेवा विकायची तर ती या अटीवर विकायची, एवढंच तो सांगतो. म्हणून अनुदान आटल्यावरही तो उभा राहिला.

किमतीवर असं बोट ठेवणं न्यू यॉर्कला नवीन नाही. ४ सप्टेंबर १८८२ रोजी एडिसनच्या पर्ल स्ट्रीटवरच्या केंद्रातून दक्षिण मॅनहॅटनला वीज मिळू लागली, तेव्हा ती बँका आणि कचेऱ्यांची चैन होती. १९०७ मध्ये याच राज्याने पब्लिक सर्व्हिस कमिशन नेमलं, आणि वीज-गॅसचे दर जनतेच्या वतीने तपासायचे असतात ही गोष्ट रुळली. वीज चैन न राहता गरज झाली ती शोध लागल्यामुळे आणि दर आवाक्यात आल्यामुळेही. आपण शोधाची तारीख पाठ करतो, दराची कुणी करत नाही.

या कायद्यालाही मर्यादा आहेत. जिथे वायरच गेलेली नाही तिथे तो वायर नेत नाही. २५ एमबीपीएसला एफसीसीनेच २०१५ मध्ये ‘ब्रॉडबँड’ म्हटलं होतं आणि २०२४ मध्ये ती रेघ १०० वर नेली, म्हणजे १५ डॉलरची जोडणी आजच जरा मागे पडली आहे. आणि सवलत आहे हेच ठाऊक नसलेल्या घराला तिचा उपयोग नाही. म्हणून सवलतीची जाहिरात करणंही कंपन्यांवर बंधनकारक आहे, आणि कायदा मोडल्यास प्रत्येक चुकीमागे एक हजार डॉलरपर्यंत दंड.

तरी मी परत त्या डबीकडे येतो. ज्या घरात इंटरनेट नाही तिथवर तंत्रज्ञान पोचलेलं नाही, असं आपण सहज म्हणून जातो. पुष्कळ घरांच्या बाबतीत ते खरंही असतं. पण कितीतरी इमारतींच्या जिन्यात, वर राहणाऱ्या मुलाच्या दारापासून पंधरा-वीस पायऱ्यांवर, बत्तिसाव्या टोकाशी प्रकाश रात्रंदिवस येऊन थांबलेला असतो. तिथे भौतिकशास्त्राचं काम संपलेलं असतं, इंजिनिअरचंही संपलेलं असतं. उरलेली असते एक किंमत, आणि ती कमी करणं माणसांच्या हातात असतं. एका राज्याने ती कायद्यात लिहिली, जवळजवळ चार वर्षं त्यासाठी भांडलं आणि टिकवली.

टोपी निघते. हिरवा कनेक्टर खट् करून बसतो. वर, घरात, राउटरचा दिवा लुकलुकत स्थिर होतो. प्रकाश नवा आलेला नसतो. आधीपासून तिथेच असतो.