ताफा शेवटच्या गाडीसाठी थांबतो

ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत संयुक्त अरब अमिरातीत सुट्टीच्या दिवशी पहाटे शहराबाहेर पडलं, की डांबर संपतं तिथे दहा-पंधरा गाड्या रांगेने उभ्या दिसतात. दुबई-हत्ता रस्त्यावर अल बदायरपाशी, ‘बिग रेड’ म्हणतात त्या तांबड्या वाळूच्या टेकडीजवळ. शारजातल्या म्लेहाला, फॉसिल रॉकच्या पायथ्याशी. किंवा दूर दक्षिणेला, लिवाच्या वाटेवर. गाडीवाले चाकाशी उकिडवे बसून हवा सोडत असतात. भारतीय, पाकिस्तानी, फिलिपिनो, लेबनीज, ब्रिटिश, स्थानिक अरब, सगळे असतात. आणि हल्ली त्यांच्यात मराठी बोलणारे हमखास सापडतात.

बाहेरून पाहणाऱ्याला हा पैसेवाल्यांचा थरारक खेळ वाटतो. जाहिरातींतही तेच दिसतं: एकटी गाडी, वाळूचा फवारा, मागे मावळतीचं ऊन. पण वाळूच्या टेकड्यांत एकट्या गाडीला जागाच नाही. ही मुळात ताफ्याने करायची गोष्ट आहे. चालवणाऱ्याची कसोटी तो किती उंच चढला यावर लागत नाही. मागच्या गाडीकडे त्याचं किती लक्ष होतं यावर लागते. मला हा छंद मोलाचा वाटतो तो यासाठीच.

आधी हवेचं बघू. रस्त्यावर साधारण 35 पीएसआय दाबावर चालणारी चाकं वाळूसाठी 15 पीएसआयच्या आसपास आणतात. साधा हिशेब आहे. गाडी 2400 किलोची धरली तर प्रत्येक चाकावर 600 किलो भार आला. 35 पीएसआय म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे अडीच किलो. तेवढ्या दाबाला चाकाचे जेमतेम 240 चौरस सेंटिमीटर जमिनीला टेकतात. दाब 15 वर आणला की तोच आकडा 570 च्या घरात जातो. टायरच्या कडकपणामुळे प्रत्यक्षात थोडा फरक पडतो, पण मुद्दा तोच राहतो. भार तेवढाच, टेकू दुपटीहून मोठा. टायर रुंदीला फारसा पसरत नाही, लांबीला पसरतो, आणि वाळू फोडत आत जाण्याऐवजी तिच्यावरून चालतो. उंटाच्या पसरट तळव्याचं कामही याच तत्त्वावर चालतं. इंजिन कितीही दांडगं असलं तरी हवा न सोडलेली गाडी पहिल्याच मऊ जागी पोटावर बसते.

पण मऊ टायरला वळणं सोसत नाहीत. स्टिअरिंग झटक्यात फिरवलं, की टायर रिमवरून निघून येतो. त्याला ‘पॉप-आउट’ म्हणतात, आणि नवख्यांच्या फेरीत तो बऱ्याचदा बघायला मिळतो. म्हणून पहिली शिकवण असते ती सावकाश वळण्याची.

दुसरी शिकवण टेकडी वाचण्याची. वाळूच्या टेकडीला दोन बाजू असतात. वाऱ्याकडची बाजू लांब, सौम्य उताराची आणि त्यातल्या त्यात घट्ट असते, कारण वारा तिथले कण दाबत, सारत वर नेतो. माथ्यावर पोचलेले कण पलीकडे कोसळतात आणि तिथे सैल वाळूचा तीव्र उतार तयार होतो. कोरडी वाळू साधारण 34 अंशांपर्यंतच उभी राहते, त्यापुढे घसरते. आपल्या घाटातला रस्ता क्वचितच सहा-सात अंशांपलीकडे चढतो, हे आठवलं की हा उतार वरून कसा दिसत असेल याची कल्पना येईल. अमिरातीत मुख्य वारा वायव्येचा, ‘शमाल’. त्यामुळे लिवासारख्या भागात उत्तरेकडून जाताना सहज ओलांडलेली टेकडी परतताना भिंतीसारखी समोर उभी राहते. जाताना सोपं गेलं म्हणून येताना सोपं जाईल असं धरून चालणारे संध्याकाळी अडकतात.

भर दुपारी तर टेकडी दिसतच नाही. सूर्य डोक्यावर आला की सावल्या नाहीशा होतात, आणि चढ, खळगा, कडा सगळं एकाच पिवळट रंगात मिसळून जातं. सकाळची वाळू दवाने थोडी आवळलेली असते आणि सावल्या लांब असतात. म्हणून जाणते ताफे पहाटे निघतात आणि दुपारी विसावा घेतात.

हे ज्ञान वाळवंटातल्या भटक्या बदूंचं आहे, तसंच ते एका इंग्रज अभियंत्याचंही आहे. राल्फ बॅग्नोल्ड 1920 च्या दशकात इजिप्तमध्ये सैन्यात होते. रजेच्या दिवसांत ते मित्रांबरोबर फोर्डच्या साध्या गाड्या घेऊन लिबियाच्या वाळवंटात शिरत. त्या गाड्यांना फोर-व्हील ड्राइव्ह नव्हता. चाकांतली हवा कमी करायची, सैल वाळूला वेगाने भिडायचं, आणि सूर्याच्या सावलीवर चालणारं होकायंत्र वापरायचं, कारण गाडीच्या लोखंडाने चुंबकीय होकायंत्र चुकतं. रेडिएटरमधून निघणारी वाफ डब्यात थंड करून ते पाणी पुन्हा आत घ्यायचं. हे सगळं त्यांनी करून करून बसवलं. रुतलेल्या चाकाखाली घालायच्या पोलादी पट्ट्या त्यांना कैरोच्या भंगारात सापडल्या. पहिल्या महायुद्धात खंदकांच्या छपरांसाठी त्या बनवल्या होत्या. आज गाड्यांच्या टपावर दिसणाऱ्या रंगीत प्लास्टिकच्या फळ्या त्यांच्याच वंशातल्या. 1930 मध्ये ही मंडळी ज्याला ‘ग्रेट सँड सी’ म्हणतात त्या वाळूच्या समुद्रात गाड्या घेऊन शिरली. तिथे मोटारी चालणार नाहीत अशी तोवर समजूत होती.

वाळू अशी का वागते, हा प्रश्न मात्र बॅग्नोल्ड यांना सुटेना. इंग्लंडला परतल्यावर त्यांनी वाऱ्याचा बोगदा बांधला, वाळूचे कण कसे उड्या मारत पुढे सरकतात ते मोजलं, आणि 1941 मध्ये ‘द फिजिक्स ऑफ ब्लोन सँड अँड डेझर्ट ड्यून्स’ हा ग्रंथ छापला. मंगळावरच्या वाळूच्या टेकड्यांचा अभ्यास करणारेही आज त्याचा आधार घेतात. हौसेने गाडी चालवणाऱ्या माणसाने एका विज्ञानशाखेचा पाया घातला, अशी उदाहरणं फार नाहीत.

जून 1940 मध्ये बॅग्नोल्ड यांनी कैरोत जनरल वेव्हेल यांच्यापुढे वाळवंटी टेहळणी दलाची कल्पना मांडली. हेच वेव्हेल पुढे भारताचे व्हाइसरॉय झाले. अवघ्या काही आठवड्यांत ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ उभा राहिला. सुरुवातीचे जवान बहुतेक न्यूझीलंडचे शेतकरी होते. पुढे या दलाच्या जोडीला भारतीय घोडदळाच्या पलटणींतून निवडलेल्या जवानांचं ‘इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रन’ही वाळवंटात उतरलं. मोजकं पाणी, मोजकं इंधन, आणि एकमेकांच्या गाड्या ओढून काढण्याची सवय, यावर ही पथकं आठवडेच्या आठवडे शत्रूच्या पिछाडीला वावरत. आजच्या हौशी ताफ्यांची शिस्त पाहिली, की तिचं मूळ इथे आहे हे लक्षात येतं.

ती शिस्त अशी. सर्वांत पुढे ‘लीड’. तो वाट काढतो, माथ्यावर थबकून पलीकडे काय आहे ते पाहतो आणि वॉकी-टॉकीवरून मागे सांगतो. सर्वांत शेवटी ‘स्वीप’, अनुभवी आणि सहसा सर्वांत जास्त सामान बाळगणारा. मध्ये नवखे, आणि त्यांच्यात पेरलेले मार्शल, म्हणजे शिकवणारे जाणते चालक. प्रत्येक गाडीवर उंच काठीला झेंडा. टेकडीआडून येणारी गाडी दिसण्याआधी तिचा झेंडा दिसतो. पुढच्या गाडीने माथा ओलांडून जागा मोकळी केल्याचं कळल्याशिवाय मागच्याने चढायचं नाही. पलीकडे ती अडकून उभी असेल तर वरून येणारी गाडी थेट तिच्यावर आदळते. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम: मागची गाडी आरशात दिसली पाहिजे. दिसली नाही की थांबायचं. तुम्ही थांबलात की पुढचा थांबतो, आणि असं करत करत लीडपर्यंत निरोप पोचतो. रेडिओ बंद पडला तरी हा नियम चालतो. शेवटची गाडी आल्याशिवाय पहिली गाडी हलत नाही.

वाळूत वेग लागतो, पण तो राखायचा असतो, मिरवायचा नसतो. माथ्याच्या जरा आधी पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचलायचा. नाहीतर गाडी पलीकडे उडते. फार आधी उचलला तर ती माथ्यावर पोट टेकून लोंबकळते, पुढची चाकं हवेत आणि मागची वाळूत. चढता आलं नाही तर वळायला जायचं नाही. आलो त्याच चाकोरीतून सरळ मागे उतरायचं. उतारावर गाडी आडवी झाली तर ती उलटते. घसरू लागलेल्या गाडीचं तोंड उताराच्या दिशेने फिरवून थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा, हे मनाला पटत नाही, कारण हात आणि पाय ब्रेककडे धावतात. पण ब्रेक लावला की चाकापुढे वाळूचा ढीग जमतो आणि गाडी तिथेच कलंडते. हे वाचून येत नाही. शेजारी बसलेला मार्शल तेच वाक्य शांतपणे पुन्हा पुन्हा सांगतो तेव्हा कुठे पाय ऐकू लागतो.

रुतणं तर सगळ्यांच्याच वाट्याला येतं. रुतल्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहणं ही सर्वांत वाईट खोड. चाक स्वतःचा खड्डा खणत जातं. उतरावं, फावड्याने चाकांपुढची आणि पोटाखालची वाळू काढावी, हवा आणखी थोडी कमी करावी आणि हळूच मागे घ्यावी. निम्म्याहून अधिक गाड्या एवढ्यावर निघतात. नाही निघाली तर दोर. इथे मला जरा कडक बोलायचं आहे. ताणून परत आखडणाऱ्या दोराने गाडी ओढली जाते तेव्हा त्या दोरात प्रचंड शक्ती साठलेली असते. ट्रेलरसाठी मागे बसवलेल्या लोखंडी गोळ्याला तो अडकवला आणि गोळा तुटला, तर तो तोफगोळ्याच्या वेगाने सुटतो. अशा अपघातांत जगभर माणसं मेली आहेत. गाडीच्या चौकटीला बसवलेला ओढण्याचा खास हूक आणि भार सोसणारी शॅकल एवढंच वापरायचं. दोरावर ओलं जड कापड टाकायचं आणि बघ्यांनी दोराच्या लांबीपेक्षा दूर उभं राहायचं. तिथे मोबाइलवर चित्रण करायला पुढे सरसावणाऱ्याला मार्शल ओरडला, तर राग मानू नये.

या सगळ्याचं शिखर म्हणजे लिवा. अबुधाबी अमिरातीच्या दक्षिणेला खजुरीच्या बागांची ही चंद्रकोर. आजच्या अबुधाबी आणि दुबईची राजघराणी मूळची इथली. बागा संपल्या की रुब अल खाली सुरू होतं: साडेसहा लाख चौरस किलोमीटरचं, चार देशांत पसरलेलं, जगातलं सर्वांत मोठं सलग वाळूचं वाळवंट. 1930-31 च्या हिवाळ्यात बर्ट्रम थॉमस आणि 1940 च्या दशकात विल्फ्रेड थेसिजर यांनी ते बदू साथीदारांसह उंटांवरून ओलांडलं. तीनशे मीटरच्या आसपास उंचीचा तल मोरीब इथेच आहे. हिवाळ्यात त्याच्या अंगावर चढाईच्या शर्यती लागतात. मला त्या शर्यतींपेक्षा लिवाच्या आतल्या वाटा अधिक शिकवणाऱ्या वाटतात. मोठ्या टेकड्यांमध्ये खारट, सपाट ‘सब्खा’ असतात. वरचं कवच टणक दिसतं, खाली ओला चिखल असतो. टेकडीवर रुतलेली गाडी तासाभरात निघते. सब्ख्यात रुतलेली काढताना अख्खा दिवस जातो.

आता या छंदाची दुसरी बाजू. वाळवंट ओसाड नाही. अमिरातीचा राष्ट्रीय वृक्ष घाफ म्हणजे आपण दसऱ्याला पूजतो तीच शमी, राजस्थानातली खेजडी. तिची मुळं पाण्याच्या शोधात कित्येक मीटर खोल जातात, पण कोवळं रोप चाकाखाली एका क्षणात संपतं. टेकड्यांमधल्या सपाटीवरच्या झुडपांवर हरणं आणि उंट जगतात. मागे राहिलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या उंट खातात आणि पोटात गोळा होऊन मरतात. दुबईत 2003 पासून 225 चौरस किलोमीटरचा भाग राखीव केला आहे. तिथे आज अरबी ओरिक्स चरताना दिसतात. हे हरिण 1970 च्या दशकात रानातून नामशेष झालं होतं. असे भाग राखून ठेवायला विरोध करणारे चालक मला समजत नाहीत.

आपल्याकडे थारमध्ये, जैसलमेरच्या सम परिसरात, जीपगाड्यांची गर्दी वाढते आहे. शेजारीच डेझर्ट नॅशनल पार्क आहे, जिथे माळढोक उरले आहेत. माळढोक उघड्या जमिनीवर सहसा एकच अंडं घालतो. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक गमावण्याचं दुःख आपल्याला माहीत आहे. गवताळ माळावर गाडी घालणाऱ्याला तिथेच अडवायला हवं. हलत्या वाळूवरचे चाकांचे माग दोन दिवसांत बुजतात. माळावरचे वर्षानुवर्षं टिकतात.

आखातात राहणाऱ्या, दारात फोर-बाय-फोर असलेल्या मराठी वाचकांना शेवटी एवढंच सांगायचं आहे. नातेवाईक भारतातून आले म्हणून त्यांना हौसेने एकट्या गाडीतून टेकडीवर नेऊ नका. अनेक गटांत मार्शल स्वयंसेवक असतात, आपला सुट्टीचा दिवस देऊन फुकट शिकवतात. तिथून सुरुवात करा, जुन्या पजेरोनेसुद्धा चालेल. विम्यात ऑफ-रोडची जोखीम धरली आहे का, ते आधी वाचून घ्या. प्रत्येक माणसामागे पाच लिटर पाणी, हवेचं गेज, कॉम्प्रेसर, फावडं, आग विझवायचं नळकांडं आणि कचऱ्याची पिशवी बरोबर घ्या. मोसम सुरू झाला की नवख्यांच्या फेऱ्याही लागतात. एकीत नाव नोंदवा.