महाडचा उकाडा आणि एसीचं पाणी

महाड-पोलादपूरचा मे महिना नुसता तापत नाही, चिकचिकतो. सह्याद्रीच्या कुशीतल्या या खोलगट भागात हवा कोंडते. म्हणून इथल्या एसीला दोन कामं असतात : खोली थंड करणं आणि हवेतला दमटपणा काढणं. दुसरं काम महागडं. हवेतल्या बाष्पाचं एक लिटर पाणी होताना विजेच्या सुमारे दोन तृतीयांश युनिटाइतकी उष्णता सुटते आणि ती बाहेर फेकावी लागते. सतत उघडणाऱ्या दारातून येणारी ओली हवा बिल फुगवते ती अशी.

तापमान १८ वर नेल्याने खोली लवकर गार होत नाही. साध्या एसीचा कॉम्प्रेसर तितक्याच जोराने चालतो, फक्त थांबत नाही. २०२० पासून नव्या एसींचं मूळ तापमान २४ अंश ठेवणं बंधनकारक आहे. २४-२६ आणि जोडीला पंखा, एवढं पुरे. फिल्टरची जाळी पंधरवड्याला धुवा. घरात पाणी ठिबकलं तर आधी निचऱ्याची नळी पाहा. शेवाळाने ती तुंबते.

सावित्री नदीकाठच्यांनी जुलै २०२१ चा पूर आठवून बाहेरचं युनिट उंचावर बसवावं. बुडालेला एसी तंत्रज्ञाने तपासल्याशिवाय सुरू करू नका.