रंगाखालची एमजीबी

जुन्या ब्रिटिश उघड्या मोटारींच्या विक्रीच्या जाहिरातींत सर्वांत जास्त दिसते ती एमजीबी रोडस्टर. १९६२ ते १९८० या अठरा वर्षांत ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गावातल्या कारखान्यातून रोडस्टर आणि बंद टपाची जीटी मिळून पाच लाखांहून जास्त एमजीबी बाहेर पडल्या. त्यातल्या पुष्कळ अजून रस्त्यावर आहेत आणि बहुतेक सगळे सुटे भाग आजही नवे मिळतात. त्यामुळे जुनी गाडी पहिल्यांदाच घेऊ पाहणारा माणूस बहुधा इथूनच सुरुवात करतो. जाहिरातीतली गाडी लाल किंवा गर्द हिरवी असते, क्रोम झळकत असतं आणि खाली लिहिलेलं असतं, ‘संपूर्ण पुनर्बांधणी केलेली’. या तीन शब्दांत गाडीची अर्धी किंमत असते, म्हणून ते तपासायचे कसे हे नीट समजून घेतलं पाहिजे. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: या गाडीत पैसे रंगासाठी मोजायचे नाहीत, दाराखालच्या पत्र्यासाठी मोजायचे.

गाडीचा बांधा

एमजी हे नाव ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसवरून आलं. तिथल्या सेसिल किंबर यांनी १९२०च्या दशकात साध्या मॉरिस गाड्यांवर देखण्या स्पोर्ट्‌स बॉडी चढवायला सुरुवात केली आणि त्यातून ही परंपरा उभी राहिली. एमजीबीच्या आधीच्या एमजीएला ट्रकसारखी वेगळी चासी होती आणि तिच्यावर बॉडी बसवलेली असे. एमजीबीत सिड एनेव्हर यांच्या हाताखालच्या मंडळींनी ती पद्धत सोडली. इथे बॉडी हाच सांगाडा आहे. तळ, दाराखालचे पोकळ पत्रे, पुढची आडवी भिंत आणि मधला बोगदा हे सगळं एकमेकांना वेल्ड केलेलं असतं आणि मिळून भार पेलतं.

यावरून जाहिरातीची पहिली परीक्षा होते. ‘बॉडी चासीवरून उतरवून काम केलं’ असं कुणी एमजीबीबद्दल लिहिलं असेल, तर त्याला स्वतःच्या गाडीची रचना ठाऊक नाही. उतरवायला इथे वेगळी चासीच नाही.

इंजिन १७९८ सीसीचं, चार सिलिंडरचं, दोन एसयू कार्ब्युरेटरचं. सुरुवातीला त्याची ताकद सुमारे ९५ अश्वशक्ती होती. ताशी शंभर मैलांच्या थोडी पुढे, म्हणजे १६० किलोमीटरच्या वर, ही गाडी जाते. आजच्या मानाने हा वेग काहीच नाही. पण रस्त्याच्या इतकं जवळ बसून, आखूड गिअर लिव्हर हातात घेऊन वळणावळणाचा रस्ता कापताना साठ मैलांचा वेगही भरपूर वाटतो. या गाडीवर जीव जडतो तो त्यासाठी.

वर्ष का महत्त्वाचं

अठरा वर्षांत बाहेरचा आकार फारसा बदलला नाही, आत मात्र बरंच बदललं. अगदी सुरुवातीच्या गाड्यांच्या क्रँकशाफ्टला तीनच बेअरिंग होती. १९६४च्या अखेरीस पाच बेअरिंगचं, जास्त दणकट इंजिन आलं. १९६५पर्यंतच्या गाड्यांच्या दारांना ओढायच्या मुठी आहेत आणि जाणकार त्यासाठी जास्त पैसे मोजतात. १९६७च्या शेवटी आलेल्या मार्क टूमध्ये पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश मिळाला, डायनॅमो जाऊन अल्टरनेटर आला आणि बॅटरीचं पॉझिटिव्ह अर्थिंग बदलून निगेटिव्ह झालं. त्याआधीच्या गाडीत आजचा रेडिओ किंवा फोन चार्जर विचार न करता जोडला तर तो जळतो, एवढं लक्षात ठेवावं.

सर्वांत मोठा फरक १९७४च्या अखेरचा. अमेरिकेच्या सुरक्षा नियमांसाठी क्रोमचे बंपर जाऊन काळे, जाड, रबरी दिसणारे बंपर आले. दिव्यांची आणि बंपरची उंची नियमात बसावी म्हणून अख्खी गाडी सुमारे दीड इंच वर उचलली गेली. त्या गाड्या वळणावर जास्त कलतात. १९७६च्या सुधारणांनी हा दोष बराच कमी केला, तरी क्रोम बंपरवाल्या गाडीचा भाव आजही चढा आहे. म्हणून रबरी बंपरच्या गाड्यांना क्रोम बंपर लावून विकायचा प्रघात आहे. त्यात गैर काही नाही, फक्त तसं स्पष्ट सांगितलेलं असावं. गाडीच्या मूळ क्रमांकात जीएचएन३, जीएचएन४ किंवा जीएचएन५ अशी सुरुवात असते. जीएचएन५ पुढच्या काळातली; रबरी बंपरच्या गाड्या सगळ्या तिच्यातच येतात.

एमजीबीचा मोठा वाटा अमेरिकेला गेला. पुढे कॅलिफोर्नियासारख्या कोरड्या हवेच्या भागातून कितीतरी गाड्या ब्रिटनमध्ये परत आल्या, कारण इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ पत्रा खातं. अशा गाडीचा पत्रा बहुधा चांगला निघतो. उन्हाने डॅशबोर्ड आणि सीटं मात्र तडकलेली असतात. डॅशबोर्ड बदलता येतो.

दाराखालचा पत्रा

एमजीबीची खरी किंमत इथे ठरते, म्हणून इथे थांबू.

दाराखाली पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जी पेटीसारखी पट्टी दिसते तिला सिल म्हणतात. बाहेरून एकच पत्रा दिसतो, पण आत आणखी पत्रे आहेत: आतला सिल, दोहोंच्या मधला उभा पडदा आणि खाली तळाला जोडणारी घडीव पट्टी. टप नसलेल्या गाडीला वरून आधार नाही. तिला मधोमध वाकू न देणारी मुख्य गोष्ट ही पेटीच आहे. पेटीत पाणी आणि चिखल साठतो, गंज आतून सुरू होतो आणि बाहेर फोड दिसेपर्यंत आतला पडदा गेलेला असतो.

चांगली दुरुस्ती म्हणजे हे सगळे पत्रे बदलणं. त्याला मोठा खटाटोप लागतो. बाहेरचा सिल पुढच्या आणि मागच्या मडगार्डच्या आतपर्यंत गेलेला असतो. त्यामुळे पुढचं मडगार्ड बोल्ट काढून उतरवावं लागतं आणि मागच्या मडगार्डचा खालचा भाग कापावा लागतो. कापण्याआधी गाडी सपाट आधारांवर ठेवून दाराच्या चौकटीत लोखंडी आडणी वेल्ड करतात, नाहीतर सिल काढताच गाडी मध्ये खचते आणि ती तशीच वेल्ड होते. यात कित्येक दिवस जातात. म्हणून आळशी किंवा लबाड माणूस सडक्या सिलवर नवा पत्रा डकवतो, वरून लांबी भरतो आणि रंग मारतो. दुसऱ्या दिवशी गाडी नवी दिसते. दोन पावसाळ्यांनी पुन्हा फोड येतात आणि तोवर मालक बदललेला असतो.

हे ओळखायला महागडं साधन लागत नाही. दार बंद करून त्याच्या पुढची-मागची फट पाहा: वरपासून खालपर्यंत सारखी आहे का? खाली रुंद आणि वर चिकटलेली असेल तर गाडी खचलेली आहे. मग मालकाची परवानगी घेऊन गाडी तिच्या ठरलेल्या जागी जॅकवर घ्या आणि दार उघडा-मिटा. चांगल्या सिलच्या गाडीचं दार जॅकवरही तसंच मिटतं. फट हलली किंवा दार अडकलं, तर विचारायचं बाकी काही उरत नाही. मऊ कापडात गुंडाळलेला लहान चुंबक सिलवरून आणि मडगार्डच्या खालच्या भागावरून फिरवा. लांबीवर तो धरत नाही. गाडीच्या बाजूने जाणारी चकचकीत पट्टी दारावर आणि दोन्ही मडगार्डांवर एका रेषेत आहे का तेही बघा.

आणखी दोन जागा. दाराच्या पत्र्यावर, छोट्या तिकोनी काचेच्या खाली, उभी चीर पडणं हा या गाडीचा जुना, सर्वांना ठाऊक असलेला दोष आहे. आणि सीटांच्या मागे तळाखाली बॅटरीच्या पेट्या असतात. १९७४पर्यंत तिथे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत. त्या पेट्या आणि मागच्या कमानपाट्यांच्या पकडी सहसा कुणी वाकून बघत नाही. नेमकं तिथेच वाकून बघावं.

फोटोंचा गठ्ठा

ज्याने खरंच काम केलं, त्याच्याकडे फोटो असतात: रंग खरवडलेल्या पत्र्याचे, कापलेल्या सिलचे, आडणी वेल्ड केलेल्या चौकटीचे, सिलच्या पेटीत मारलेल्या मेणाच्या फवाऱ्याचे. बिलं असतात आणि त्यांवर तारखा असतात. एखाद्या विक्रेत्याकडे फक्त तयार गाडीचे, संध्याकाळच्या उन्हातले देखणे फोटो असतील, तर मी ती गाडी फक्त रंगवलेली समजतो आणि तेवढाच भाव सांगतो. दुसऱ्या बाजूला, रंगात थोडी खोट असलेली पण कामाचा प्रत्येक टप्पा कागदावर असलेली गाडी मी न कचरता जास्त पैसे देऊन घेईन. रंग पुन्हा मारता येतो. सिल पुन्हा करायचा तर तो रंगही वाया जातो.

कधी कधी गठ्ठ्यात नव्या बॉडीचं बिल सापडतं. १९८८ साली ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने जुने साचे गोळा करून एमजीबीची बॉडी पुन्हा पूर्ण बनवून विकायला सुरुवात केली. मॉडेल बंद पडून आठ वर्षं झाली असताना मूळ साच्यांतून नवा सांगाडा मिळू लागला, ही मोटारींच्या इतिहासात फारच विरळा गोष्ट. त्याच बॉडीच्या आधारावर रोव्हरने १९९०च्या दशकात व्ही-८ इंजिनची एमजी आरव्ही८ काढली आणि तिचा मोठा भाग जपानला गेला. हेरिटेज बॉडीवर नीट जुळवलेली एमजीबी वापरायला सर्वांत भक्कम असते. मूळपणा जपणारा संग्राहक मात्र तिला थोडी कमी मानतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. आपल्याला गाडी चालवायची की संग्रही ठेवायची, ते आधी ठरवावं.

इंजिन, गिअर, चाकं

इथे चिंता कमी. हे इंजिन साधं आणि सोशिक आहे. गाडी गरम होऊन रस्त्यावर धावत असताना ऑइल प्रेशरचा काटा पन्नासच्या वर हवा, थांबल्यावर दहा-पंधराच्या खाली जाऊ नये. गाडी थंड असतानाच पोहोचा. आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन सुरुवातीचा खडखडाट आणि निळा धूर लपवतं. ओव्हरड्राइव्ह असेल तर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये बटण दाबून तो लगेच लागतो का पाहा, लांबच्या रस्त्यावर त्याचं मोल फार आहे. तारांच्या आऱ्यांची चाकं असतील तर गाडी पुढे-मागे घेताना ‘टक्‌’ असा आवाज येतो का ऐका. आला तर मधल्या दातेरी बाहीचे दात झिजलेत, आणि चाकासोबत हबही बदलावा लागतो. पुढच्या किंगपिनना दर तीन हजार मैलांना ग्रीस लागतं. फार थोडे मालक ते देतात, म्हणून स्टेअरिंग जड लागलं तर कारण तिथेच शोधावं.

पेट्रोलचा प्रश्न आजचा आहे. ब्रिटनमध्ये २०२१पासून साधं पेट्रोल दहा टक्के इथेनॉलचं झालं आणि जुन्या रबरी नळ्या त्यात फुगतात, चिरतात. नळ्या बदलल्याचं बिल आहे का विचारा. हेडमधली व्हॉल्व्ह सीटं शिसं नसलेल्या पेट्रोलसाठी कडक बसवली आहेत का, हेही त्याच दमात विचारा.

कागद

गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून कारखान्याच्या नोंदींवर आधारलेलं प्रमाणपत्र मिळतं. त्यात गाडी कधी बनली, मूळ रंग, इंजिन क्रमांक आणि ती कुठे पाठवली हे असतं. मूळ हिरवी गाडी आज लाल असेल तर तो गुन्हा नाही, पण जाहिरातीत ‘मूळ रंग’ लिहिलं असेल तर विक्रेत्याच्या बाकीच्या शब्दांचंही वजन कळतं. इंजिन क्रमांक जुळला नाही म्हणून लगेच मागे फिरू नये. त्या काळी थकलेलं इंजिन देऊन कंपनीचं दुरुस्त इंजिन घेण्याची सोय होती आणि अनेकांनी ती वापरली.

ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरच्या, फारसे बदल न केलेल्या गाडीला २०१८पासून वार्षिक तपासणीची सक्ती नाही. तरीही जो मालक स्वतःहून ती करवून घेतो, त्याची गाडी मी आधी बघायला जाईन.

भारतातल्या वाचकासाठी

एमजीबीचं इंजिन आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीजमधलंच १४८९ सीसीचं इंजिन हिंदुस्तान मोटर्सच्या अँबेसेडरमध्ये कित्येक वर्षं होतं, आणि पहिल्या एमजीएतही १४८९ सीसीचंच बी-सिरीज इंजिन होतं. अँबेसेडरवर हात बसलेला जुना फिटर एमजीबीचं बॉनेट उघडून बिचकणार नाही. दोन कार्ब्युरेटर एकमेकांशी जुळवणं एवढंच त्याला नवीन.

गाडी इथे आणायचा विचार असेल तर आयातीचा कर आणि परवानगी आधी पूर्ण तपासून घ्यावी, मग बयाणा द्यावा. नोंदणीसाठी २०२१मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे वेगळे नियम केले: पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या, खासगी वापराच्या गाडीला राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ असलेला क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं. अशी गाडी रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोज ऑफिसला नेता येत नाही. आणि त्याच नियमांत चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठे फेरफार झालेले नसावेत अशी अट आहे. त्यामुळे हेरिटेजच्या नव्या बॉडीवरची एमजीबी किंवा रबरी बंपर काढून क्रोमची केलेली एमजीबी घेणाऱ्याने हा प्रश्न परिवहन कार्यालयात लेखी विचारून घ्यावा, आणि तो गाडी जहाजावर चढण्यापूर्वी.