कोची पायी बघताना: क्रूझच्या प्रवाशांचे काही गैरसमज

मुंबईहून निघालेली क्रूझ कोचीला बहुधा एकच दिवस थांबते. सकाळी बोट धक्क्याला लागते, संध्याकाळी सुटते. मधल्या वेळात बसमधून चिनी जाळी, चर्च, डच पॅलेस आणि सिनेगॉग अशी चार ठिकाणं दाखवली जातात. ती बघण्यासारखी आहेतच. पण शतकानुशतकं व्यापारावर जगलेलं गाव असतं ते या चार ठिकाणांच्या मधल्या रस्त्यावर, आणि बस तिथून काच लावून निघून जाते. कोची पायीच बघावं असं माझं ठाम मत आहे. फक्त त्याआधी काही समजुती दुरुस्त करून घेतल्या, तर चालणं अधिक सार्थकी लागतं.

बोट जुन्या गावाशीच लागते असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ती लागते विलिंग्डन बेटावर, आणि ते बेट मुख्यतः भराव घालून तयार केलेलं आहे. रॉबर्ट ब्रिस्टो हा इंग्रज इंजिनिअर १९२० मध्ये इथे आला, तेव्हा बंदराच्या तोंडाशी वाळूचा दांडा आडवा पसरलेला होता. मोठ्या बोटी बाहेर समुद्रातच नांगर टाकत आणि माल होड्यांतून आत आणावा लागे. ब्रिस्टोने दांडा कापून खोल वाट काढली आणि १९२८ च्या मे महिन्यात ‘पद्मा’ ही आगबोट आतल्या बंदरात आली. उपसलेल्या गाळाचं बेट झालं. मोठी गोदी तिकडे गेली म्हणूनच अलीकडच्या जुन्या गल्ल्या इतक्या शाबूत राहिल्या, असं मला वाटतं.

धक्क्यावरून थोप्पुम्पडीच्या पुलावरून रिक्षाने फोर्ट कोचीला जाता येतं. रिक्षा तेवढ्यापुरतीच करावी. दिवसभरासाठी ठरवली, तर बराच वेळ ठरावीक दुकानांच्या पायऱ्या चढण्यातच जातो.

“इतक्या कमी वेळात चालून काय बघून होणार?” ही शंका नेहमीची. पण चिनी जाळ्यांपासून मट्टनचेरीच्या ज्यू टाउनपर्यंतचं अंतर जेमतेम तीन किलोमीटर आहे. रेंगाळत, चहा घेत गेलं तरी अर्ध्या दिवसात होतं. हवा दमट असते, म्हणून उन्हं चढायच्या आत निघावं एवढंच.

नाव फोर्ट कोची असलं तरी किल्ला शोधत बसू नये. पोर्तुगीजांनी १५०३ मध्ये बांधायला घेतलेला किल्ला १६६३ मध्ये डचांकडे गेला आणि १८०६ मध्ये इंग्रजांनी तो पाडून टाकला. वास्को द गामाची कबर सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये आहे, हेही अर्धंच खरं. २४ डिसेंबर १५२४ ला तो कोचीत वारला आणि त्याला इथेच पुरलं. पण पुढे पंधरा-एक वर्षांतच त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले गेले. आज कठड्याआड दिसते ती रिकाम्या जागेवरची शिळा.

चिनी जाळ्यांबद्दल सांगितलं जातं की ती कुब्लाई खानाच्या दरबारातल्या व्यापाऱ्यांनी आणली. ही लोककथा आहे. पोर्तुगीजांनी ती मकाऊहून आणली असावीत, असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. पण खरा गैरसमज दुसराच आहे, तो म्हणजे ही जाळी फोटोपुरती उरली आहेत हा. जवळ उभं राहून एक फेरी नीट बघावी. सागवानी वाशांचा सांगाडा पाण्यावर झुकतो, जाळं खाली जातं आणि थोडा वेळ तसंच राहतं. मग चार-सहा जण मागचे दोर ओढू लागतात. त्या बाजूला दोरांना मोठमोठे धोंडे बांधलेले असतात, कमी-जास्त उंचीवर. जाळं वर येऊ लागलं की धोंडे एकेक करून खाली टेकत जातात आणि प्रत्येक टप्प्यावर तोल सांभाळला जातो. कधी मासळी मूठभरच येते, तरी लगेच पुढची फेरी सुरू होते.

तिथून कल्वत्तीमार्गे बाजार रोड धरावा. बसमधून उतरलेली माणसं इथे फिरकतही नाहीत, आणि माझ्या मते कोचीतला सगळ्यात बघण्यासारखा रस्ता हाच. इथल्या जुन्या वखारींची तोंडं रस्त्याकडे आणि पाठ पाण्याकडे, कारण माल मागच्या अंगाने होडीतून यायचा आणि पुढून विकला जायचा. सुंठ, मिरी, तांदूळ यांची पोती आजही दिसतात. काही वखारींच्या चौकांत सुंठ वाळत पसरलेली असते आणि तिचा उग्र वास अंगणाबाहेर येतो. आत डोकवायचं असेल तर विचारून जावं. लोक कामात असतात.

डच पॅलेस डचांनी बांधला नाही. पोर्तुगीजांनी १५५५ च्या सुमारास तो कोचीच्या राजासाठी बांधला, डचांनी पुढे डागडुजी केली. आतली रामायणाची भित्तिचित्रं चुकवू नयेत.

युरोपीय आले आणि कोची घडलं, ही समजूत सगळ्यात खोलवर रुजलेली आहे. १३४१ च्या महापुरात पेरियार नदीने वाट बदलली, मुझिरिसचं जुनं बंदर मागे पडलं आणि कोचीचं बंदर खुलं झालं. वास्को तेव्हा जन्मलाही नव्हता. मट्टनचेरीत कच्छी, गुजराती, ज्यू आणि तमिळ वस्त्या शेजारी शेजारी वाढल्या. चेरळाईत तर गोव्यातून पोर्तुगीजांच्या जाचामुळे आलेल्या गौड सारस्वतांची वस्ती आणि तिरुमल देवस्थानचं देऊळ आहे. इथे कान देऊन चाललं तर कोंकणी ऐकू येते.

याच कोंकणी मंडळींपैकी रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन वैद्यांनी, इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याबरोबर, डच अधिकारी व्हान रीडे याला मलबारच्या वनस्पतींची माहिती पुरवली. त्यातून ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ ॲमस्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात छापला गेला. पहिल्या खंडात या तिघांचं कोंकणीतलं निवेदन नागरी लिपीत आहे. नागरी अक्षरं इतक्या लवकर युरोपात छापली गेली ती कोचीच्या वैद्यांमुळे, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतं.

वारही बघून घ्यावा. पॅलेस शुक्रवारी बंद असतो आणि सिनेगॉग शनिवारी. शुक्रवारी सिनेगॉगचाही भरवसा धरू नये. आणि परतायला उशीर झाला तर बोट थांबेल, या समजुतीत राहू नये. बोट थांबते ती तिच्याच सहलीची बस अडकली तर. आपलं आपण फिरायला गेलेल्यांसाठी ती थांबत नाही. शिवाय सगळ्यांनी बोटीवर परतण्याची वेळ सुटण्याच्या वेळेच्या बरीच आधी असते. संध्याकाळी थोप्पुम्पडीला वाहतूक तुंबते, तेव्हा ज्यू टाउनमधून तास-दीड तास हाताशी ठेवूनच निघावं.