सासवण्यातलं शिल्पालय

मुळशी धरण मागे टाकून ताम्हिणी उतरणारे पुणेकर बहुधा धबधब्यांपाशीच थांबतात. तोच रस्ता कोलाडमार्गे अलिबागकडे नेतो आणि अलिबागहून रेवसच्या बाजूला निघालं की सासवणे लागतं. नानासाहेब तथा विनायक पांडुरंग करमरकरांचं राहतं घर आणि कामाची जागा इथे शिल्पालय म्हणून जपली आहे. पुणेकरांनी तर इथे यायलाच हवं. शिवाजीनगरच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधला अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा करमरकरांनीच घडवला.

त्याची सुरुवातही सासवण्यातच झाली. १८९१ साली जन्मलेल्या विनायकानं गावच्या देवळाच्या भिंतीवर घोड्यावरचे महाराज रेखाटले होते. कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेला ते चित्र पडलं आणि मुलगा मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये पोचला. पुढे कोलकाता, मग लंडन. राजर्षी शाहू महाराजांनी मनावर घेतलेल्या पुण्याच्या स्मारकाची पायाभरणी १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते झाली. पुतळा उभा राहिला १९२८ मध्ये. तो पाहायला शाहू महाराज हयात नव्हते.

पुतळे चौकाचौकांत गेले, मग शिल्पकाराच्या घरी काय राहतं? तो आधी ओल्या मातीत घडवतो. त्यावरून प्लॅस्टरचा साचा, साच्यातून प्लॅस्टरची प्रत, आणि त्या प्रतीवरून ओतशाळेत ब्राँझ. धातूचा पुतळा मागणी करणाऱ्याकडे जातो, प्रत बहुधा शिल्पकाराकडे राहते. बोटांच्या हालचाली तिच्यात अधिक जवळून दिसतात, निदान मला तरी. करमरकरांनी सिमेंटही मातीइतक्याच मायेनं हाताळलं.

पण सासवण्याचं खरं धन वेगळंच आहे. नेते आणि संस्थानिक यांचे पुतळे मागणीनुसार झाले. ‘मत्स्यगंधा’, ‘हमाल’, अंगणातली म्हैस मात्र कुणी मागितली नव्हती. ‘शंखध्वनी’त शंख फुंकणाऱ्या स्त्रीच्या अंगातला ताण पाहावा. महाराजांच्या घोड्याला दिलेली नजर त्यांनी कष्टकऱ्याच्या पाठीलाही दिली, तितक्याच आदरानं. हीच शिल्पं मुंबईच्या एखाद्या वातानुकूलित दालनात मांडली तर उत्तम कलाकृती म्हणून पाहिली जातील. इथे दाराबाहेर नारळीच्या बागा आहेत, समुद्र जवळ आहे, आणि डोक्यावर पाटी घेतलेली कोळीण अजूनही याच किनाऱ्यावर चालते. ही शिल्पं इथून हलवू नयेत, असं मला फार मनापासून वाटतं.