उकिरड्यापर्यंत गेलेले विद्यापीठ

विद्यापीठांच्या आवारांत पर्यावरणरक्षणाचे जे उपक्रम आज उत्साहाने चालतात, त्यांत वृक्षारोपण असते, छपरांवरची सौरयंत्रे असतात, पाण्याचा हिशेब असतो. आणि हे सारे इष्टच असले, तरी ज्या स्त्रीच्या हातून त्याच आवारातला कचरा नित्य निवडला जातो तिचा या व्यवस्थेत हक्क काय, हा प्रश्न तेथे क्वचितच उपस्थित होतो. तो प्रश्न ज्यांनी मनापासून विचारला त्यांत पुण्याच्या एका विद्यापीठीय विभागाचा उल्लेख अग्रक्रमाने करावा लागेल.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली स्थापिलेल्या महिला विद्यापीठाच्या, म्हणजे आजच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या, प्रौढशिक्षण विभागाने १९९० च्या सुमारास कचरा वेचणाऱ्या मुलांसाठी साक्षरतेचे वर्ग चालविले. या वर्गांच्या निमित्ताने पूर्णिमा चिकरमाने, लक्ष्मी नारायण आणि त्यांचे सहकारी मुलांच्या व त्यांच्या आयांच्या मागोमाग कचराकुंड्यांपर्यंत गेले. आणि फळ्यासमोर बसून जे कधीच कळले नसते ते तेथे उघड झाले. कागद खरकट्यात भिजला की त्याचा भाव पडतो, आणि तोच कागद घरातून कोरडा व वेगळा मिळाला तर त्याच श्रमाचे मोल वाढते, शिवाय फुटक्या काचेने व कुजलेल्या अन्नाने हातांना होणारी इजाही टळते. विद्यापीठाने या स्त्रियांना ओळखपत्रे दिली, आणि काल ज्यांना चोर समजून हाकलले जाई त्याच स्त्रिया घरोघरी जाऊन सुका कचरा उजळ माथ्याने मागू लागल्या.

परंतु कचऱ्याला किंमत आहे असे दिसताच त्यावर इतरांचाही डोळा जाणारच, आणि तसा तो गेला. गाडी घेऊन दारोदार फिरणारा एक व्यावसायिक पुढे आला, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्यांची ही उपजीविका हातची जाऊ नये म्हणून, हमालांच्या संघटनेचा दीर्घ अनुभव असलेल्या डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली, १९९३ साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. तिच्या सभासदांत बहुसंख्य स्त्रिया, आणि त्यांतही बहुतेक दलित समाजातल्या. शहराचा कचरा आणि जातीची उतरंड यांचा संबंध लक्षात घेतल्याखेरीज पर्यावरणीय न्यायाची चर्चा आपल्याकडे अपुरीच राहील, असे माझे निश्चित मत आहे.

पुढे २००८ मध्ये पुणे महानगरपालिकेशी करारनामा होऊन पंचायतीतल्या या वेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था कामाला लागली. घरमालकाने दरमहा शुल्क द्यावे, सुक्या कचऱ्याच्या विक्रीचे उत्पन्न वेचक स्त्रीचे असावे, अशी तिची रचना आहे. या व्यवस्थेमुळे शहराबाहेरच्या कचरा डेपोंकडे जाणारा भार हलका होतो, आणि त्या डेपोंच्या दुर्गंधीने व दूषित पाण्याने त्रस्त झालेल्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांशीही तिचा थेट संबंध येतो. कारण शहराने न निवडलेला कचरा शेवटी कोणाच्या तरी विहिरीजवळच रिता होतो.

आणि तो न निवडलेला कचरा आधी वेचक स्त्रियांच्या हातांवर येतो. म्हणूनच वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, एवढीच मागणी या स्त्रियांनी नागरिकांकडे केली होती. २०१६ च्या घनकचरा नियमांनी अशा वस्तूंच्या उत्पादकांवर त्यासाठीची वेष्टने पुरविण्याची जबाबदारी टाकली. तरीही तो मळ आजही कितीतरी घरांतून उघडाच बाहेर पडतो, आणि तो हातांनी वेगळा करण्याचे काम त्याच स्त्रियांच्या वाट्याला येते.